डाव्या कुशीवरचं ठिगळ

बीकन कंपनीच्या संडरलँडचं नाव निघालं की आमच्या क्लबात आधी हशा पिकायचा आणि मग बोलणं सुरू व्हायचं. तो हशा पिकवण्यात माझा वाटा सगळ्यात मोठा होता, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो.

क्लब म्हणजे यॉर्कशरमधल्या आमच्या हॅदरशॉ गावातल्या मेथडिस्ट चॅपलची, म्हणजे प्रार्थनाघराची, मागची खोली. दर मंगळवारी संध्याकाळी पंधरा-वीस जण तिथं जमतो, टेबलांवर जुनी वर्तमानपत्रं अंथरतो आणि चाळीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या प्लास्टिकच्या किटांमधून विमानं जोडतो. कुणी कोरं किट उघडतो, कुणी लहानपणी बिघडवलेलं सुधारतो. मी लेस्ली क्रॅबट्री, गावचा पोस्टमन. क्लबचं चार पानी पत्रक दर महिन्याला मी काढतो, त्यामुळं माझी जीभ छापून येते, बाकीच्यांची हवेत विरते.

बीकन ही आमच्याच गावची कंपनी. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या इमारतीत ती चालायची. त्रेसष्ट साली तिनं संडरलँडचं किट काढलं. संडरलँड म्हणजे युद्धातलं ते अगडबंब समुद्री विमान, होडीसारख्या पोटाचं, पाण्यावर उतरणारं. मॉडेलचे पंख हातभर लांब, चार इंजिनं, पोटाचे दोन भाग, डावा आणि उजवा. एकाहत्तरात कंपनी बुडाली आणि साचे भंगारात गेले, म्हणून आज ते किट सहसा बघायला मिळत नाही. पण ज्यांनी ज्यांनी ते लहानपणी केलं, त्यांना एक गोष्ट आठवतेच. डाव्या कुशीवर, पाणरेषेच्या जरा खाली, करंगळीच्या नखाएवढा एक चौकोनी उंचवटा. ठिगळ. त्याच्या वरच्या कडेला नऊ रिव्हेटं, म्हणजे पत्रा ठोकून बसवायच्या खिळ्यांची गोल डोकी, आणि खालच्या कडेला आठ. रांगही जरा तिरकी. खऱ्या विमानाच्या कुठल्याही नकाशात ते नाही, कुठल्याही फोटोत नाही. त्यामुळं शहाणा पोरगा काय करायचा, तर पॉलिश पेपर घेऊन आधी ते घासून सपाट करायचा. मीही केलं होतं. आणि पंचेचाळिशीत आल्यावर मी पत्रकात ‘किटवाल्यांच्या सात घोडचुका’ असा लेख लिहिला, तेव्हा पहिला मान या ठिगळाला दिला. लिहिलं होतं, ‘साचा कोरणारा त्या दुपारी पबमधून सरळ कामावर आलेला दिसतो.’ लोकांना ते वाक्य फार आवडलं. दुसऱ्या क्लबांच्या पत्रकांतही ते छापून आलं.

हे झालं सत्त्याण्णव साली. त्यानंतर सहा वर्षांनी नोरीनला ते विमान सापडलं.

नोरीन फेदर आमच्या क्लबातली एकटी बाई. धंद्यानं कवळ्या बनवणारी. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात तिचं काम आहे. प्लास्टर, मेण, ॲक्रिलिक, बारीक कोरण्या, सगळं तिच्या हातातलं, म्हणून हरवलेले भाग नव्यानं बनवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. आम्ही तिला ‘दातवाली’ म्हणून चिडवायचो आणि ती म्हणायची, “हसून घ्या, एक दिवस माझ्याच खुर्चीत याल.”

चॅपलच्या जुन्या सामानाच्या विक्रीत तिनं बिस्किटांचा एक मोठा डबा उचलला. आत बीकनचं संडरलँड, पण काय अवस्थेत! घराच्या दाराला लावतात तो जाड निळा रंग दोनदा फासलेला. गोंदाचे ओघळ वाळून त्यांच्या गाठी झालेल्या. नाकावरचा बंदुकीचा घुमट गायब, उजव्या पंखाखालचा, पाण्यावर तोल धरणारा फ्लोट गायब, वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक टोपण चहासारखं पिवळं आणि त्यावर कुणाचातरी अंगठा कायमचा उमटलेला. मंगळवारी तिनं डबा टेबलावर ठेवला तेव्हा सगळे हसले. मी म्हणालो, हे थडग्यातून उकरून आणलंस की काय. ती म्हणाली, “हे मी जसं डब्यातून निघालं असतं तसं करणार. एक रेष कमी नाही, एक जास्त नाही.”

पाच महिने ती त्यावर बसली. आधी ओव्हनचा चिकटा काढायच्या फेसात घालून, पिशवीत बंद करून तिनं रंग उतरवला. निळ्याखाली पांढरा निघाला, पांढऱ्याखाली कंपनीचं मूळचं फिकट राखाडी प्लास्टिक. मग सांधे सोडवायचे होते. जुना गोंद ताकदीनं उचकटला तर प्लास्टिकच फाटतं, म्हणून तिनं ते विमान फ्रीजरमध्ये मटारच्या पिशव्यांशेजारी दोन दिवस ठेवलं. थंडीनं गोंद ठिसूळ झाला आणि पातळ सुरीचं टोक लावताच पंख टक् करून सुटले. घुमट तिनं फोटो बघून मेणात कोरला आणि ॲक्रिलिकमध्ये ओतला. डावा फ्लोट शाबूत होता, त्याच्यावरून साचा घेऊन उजवा केला. टोपणासाठी तिनं प्लास्टरचा ठोकळा घडवला आणि बॉक्सिंग खेळणाऱ्या पोरांसाठी दातांची कवचं बनवायचं तिचं जे यंत्र आहे, त्यात पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा तापवून त्यावर ओढला. अकरा पत्रे वाया गेले. बारावा निघाला तो असा की त्यातून वर्तमानपत्र वाचता यावं. माझ्याकडं त्या किटच्या चित्रांची पट्टी पडून होती, विमानावरचे गोल आणि आकडे, पण जर्द पिवळी पडलेली. ती तिनं खिडकीच्या काचेला आतून चिकटवली आणि जुलैचं ऊन तीन आठवडे खाऊ दिलं. पिवळेपणा उडून गेला.

राहता राहिलं ते ठिगळ. मी सांगितलं, आता एवढं केलंच आहेस तर ते घासून टाक, परीक्षक गुण कापतील. तिनं मॉडेल दिव्याखाली ओढलं. डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघत राहिली आणि मग भिंग माझ्या हातात दिलं.

“लेस, रिव्हेटं बघ. एकेक बघ.”

मी बघितली. मला तर ठिपके दिसले.

“एकही ठिपका फुटलेला नाही,” ती म्हणाली. “सगळे एका मापाचे, गोल. ज्याचा हात हललेला असतो, त्याचं सगळंच हलतं. याची ओळ तिरकी आहे, पण ठिपके सरळ आहेत. माझ्याकडं माणसं येतात ना, ती म्हणतात, माझा पुढचा दात वाकडाच करून द्या, तो वाकडाच होता, नाहीतर बायको ओळखायची नाही. तो दात मी चुकून वाकडा करत नाही. वाकडा करायला जास्त वेळ लागतो. हे कुणीतरी मुद्दाम केलंय. बघून केलंय, नाहीतर आठवून.”

मग तिनं ठरवलं की हा माणूस शोधायचा. किटच्या कागदावर कंपनीचं नाव होतं, माणसाचं नव्हतं. नोरीननं स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी दिल्या. आठवड्यानं एका बाईंचा फोन आला. त्या बीकनमध्ये डबे भरायच्या. त्यांनी सांगितलं, पोलादात साचे कोरायचं काम एकच माणूस करायचा, विल्फ हेलिवेल. बायको एनिड वारली, पण तो अजून आहे, वर टेकडीच्या उतारावर, चर्च लेनमध्ये.

नोरीननं मला फोन करून पत्ता सांगितला. चर्च लेन, नऊ नंबर. अकरा वर्षं मी त्या दारात टपाल टाकत होतो. म्हातारा दारापुढच्या चिंचोळ्या वाफ्यात रुबार्ब लावायचा. आम्ही रोज हवेवर बोलायचो, त्यापलीकडं कधी गेलो नव्हतो.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं गेलो. विल्फ हेलिवेल ब्याऐंशी वर्षांचे, उंच, बोटांच्या पेरांना सांधेदुखीच्या गाठी. मला बिनगणवेशाचं बघून त्यांनी विचारलं की आज पत्रं कुठं राहिली. नोरीननं ओळख सांगितली आणि विमान टेबलावर ठेवलं. अजून रंग लावायचा होता, नुसतं राखाडी, स्वच्छ. त्यांनी आधी चहा केला. तिघांना कप दिले. मग चष्मा बदलला आणि विमान उचलून बघायच्याऐवजी ते फक्त वळवलं, डावी कूस स्वतःकडं केली.

“घासलं नाहीस,” ते म्हणाले.

“नाही,” नोरीन म्हणाली.

“सगळे घासतात. बोलिंग क्लबातल्या एकानं मला एक कागद आणून दिला होता. त्यात लिहिलं होतं, मी पबमधून आलो होतो.”

मी चहाचा कप खाली ठेवला. नोरीननं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी सांगितलं, मिस्टर हेलिवेल, ते मी लिहिलं होतं. चुकलो, माफ करा.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावलेले वाटले नाहीत, माप घेतल्यासारखे बघत होते.

“माफी काय करायचीय मला, गड्या. मी तर दारूला शिवतसुद्धा नाही, चॅपलचा माणूस. तू छापलंस ना? आता खरं काय ते ऐक आणि तेही छाप. त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.”

मग त्यांनी सांगितलं. ते मी जसं ऐकलं तसं सांगतो.

त्रेचाळीस सालचा फेब्रुवारी. विल्फ बावीस वर्षांचे, हवाई दलात पत्र्याचं काम करणारे, वेल्समधल्या पेम्ब्रोक डॉकच्या तळावर. एक संडरलँड गस्तीवरून परतलं आणि उतरताना पाण्यात तरंगणारा ओंडका त्याच्या डाव्या कुशीत घुसला. भोक फार मोठं नव्हतं, पण पाणरेषेखाली. एरवी विमान ओढून धक्क्यावर घेतात, पण धक्क्यावर आधीच दोन विमानं उघडून पडलेली. आणि बातमी अशी आली होती की समुद्रात एक मालवाहू जहाज बुडालंय, माणसं तराफ्यांवर आहेत. विमान पहाटे उडायलाच हवं होतं.

तेव्हा एका फ्लाइट सार्जंटनं युक्ती काढली. बारा माणसांना उजव्या पंखाच्या टोकाकडं नेऊन पालथं झोपवलं. त्यांच्या वजनानं विमान उजवीकडं कललं आणि डावी कूस वीतभर पाण्याबाहेर आली. विल्फ बाहेर छोट्या होडीत उभे, हातात पत्र्याचा तुकडा आणि हातोडा. रिव्हेट बसवायला दोन माणसं लागतात. बाहेरचा ठोकतो आणि आतला लोखंडी ठोकळा दाबून धरतो, नाहीतर रिव्हेटचं डोकं फुलत नाही. आत होता आयव्हर, वेल्सचाच, एकोणीस वर्षांचा, खाणीतल्या घरातला. तो विमानाच्या पोटात, घोटाभर गार पाण्यात कुशीवर पडलेला. होडी हलत होती, म्हणून रांग तिरकी गेली.

“वर नऊ बसली,” विल्फ म्हणाले. “खाली आठच. नवव्याच्या मागं विमानाची फासळी होती, आयव्हरचा ठोकळा तिथं जाईना. त्यानं आतून ओरडून सांगितलं, विल्फ, इथं देवसुद्धा हात घालू शकत नाही. मग तिथं नुसती फट बुजवायची लांबी भरली आणि दाबून टाकली. चार तास लागले. पंखावरच्या बारा जणांना शेवटी उतरवताना त्यांचे कपडे पत्र्याला चिकटून गोठलेले होते.”

सार्जंटनं ठिगळावरून अंगठा फिरवला आणि ‘चालेल’ एवढंच म्हणाला. विमान पहाटे उडालं. दुपारी परत आलं तेव्हा पोटात सात माणसं होती, जहाजावरची. विल्फ आणि आयव्हर आत शिरले आणि त्यांनी ठिगळाच्या आतल्या बाजूला हात लावून बघितला.

“कोरडं,” विल्फ म्हणाले. त्यांनी तो शब्द असा उच्चारला की मला माझ्या सगळ्या आयुष्यात कशाबद्दलच तसं बोलता आलं नव्हतं. “खणखणीत कोरडं. एक थेंब नाही.”

युद्धानंतर ते बीकनमध्ये साचे कोरायला लागले. बासष्टमध्ये संडरलँडचं काम आलं. मालकानं नकाशे दिले, त्यात अर्थातच ठिगळ नव्हतं. साच्यात सगळं उलटं असतं. जे मॉडेलवर वर येणार ते पोलादात खाली कोरायचं, डावं ते उजवं दिसतं. विल्फनी संबंध पोट कोरून झाल्यावर एका दुपारी भिंगाखाली ते ठिगळ कोरलं आणि मग सतरा ठोके मारले, एकेका रिव्हेटला एक. एक ठोका चुकला असता तर तेवढा पोलादाचा भाग बाद झाला असता. मालकानं नमुना हातात घेऊन विचारलं की हे काय. विल्फ म्हणाले, ते तसंच होतं. मालक स्वतः आरमारात होता. त्यानं पुढं विचारलं नाही, राहू दिलं.

“कुणाला कधी सांगितलं नाहीत?” नोरीननं विचारलं.

“एनिडला. तिनं विचारलं, पोरांना कळेल का. मी म्हटलं, न कळू दे. ज्याच्या ज्याच्या घरी ते विमान जाईल तिथं ठिगळ बसलेलं असेल, तेवढं बस. मला काय ठाऊक की पोरं पॉलिश पेपर घेऊन बसतील.”

ऑक्टोबरच्या पत्रकात मी सगळं छापलं. त्याच पानावर, त्याच अक्षरात. खाली लिहिलं की सात घोडचुकांपैकी पहिली माझी होती, आणि विल्फ नोव्हेंबरच्या प्रदर्शनाला येणार आहेत. हे पत्रक दुसऱ्या क्लबांनीही उचललं, जसं आधीचं उचललं होतं. त्यातली एक प्रत कुठं कुठं फिरली ते मला नंतर कळलं.

नोव्हेंबरात हॅलिफॅक्सला आमच्या भागातलं मोठं प्रदर्शन असतं, शाळेच्या सभागृहात. नोरीननं तोवर रंग पुरा केला होता. खाली पांढरा, वर राखाडी, खिडकीत ऊन खाल्लेले गोल नीट बसलेले. तिनं मॉडेल मांडताना ठरवलं की डावी कूस लोकांकडं असेल. कार्डावर तिनं स्वतःच्या नावाच्या वर लिहिलं, ‘साचा: विल्फ्रेड हेलिवेल, १९६२’. किटाच्या कार्डावर साचेवाल्याचं नाव मी त्याआधी कधी बघितलेलं नव्हतं.

विल्फना मी माझ्या गाडीतून नेलं. करडा सूट, चॅपलचा टाय, बूट आरशासारखे. दारात शिरताना ते म्हणाले की पाय दुखतात, अर्धा तास बसून निघू. सभागृहात शिरलो आणि मी आमच्या टेबलाकडं बघितलं, तर तिथं रांग होती. बहुतेक पन्नाशी-साठीची माणसं, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या काखेत काहीतरी. बुटांचा खोका, टॉवेलात गुंडाळलेलं काही, चिकटपट्ट्या मारलेला बीकनचा मूळ डबा. माळ्यांवरून, गॅरेजांतून, आईच्या घरून शोधून आणलेली संडरलँड विमानं. मी मोजली, एकवीस होती. कुणाचा पंख तुटलेला, कुणाला शेपूट नाही. एकाच गोष्टीत सगळी सारखी होती. डावी कूस सपाट.

त्यांना वाटलं होतं की म्हातारा रागावेल. एकेक जण पुढं येऊन विमान दाखवायचा आणि खाली बघायचा. विल्फ प्रत्येकाचं हातात घेऊन, सांधे बघून बोलायचे. एकाला म्हणाले, गोंद फार लावलास. दुसऱ्याला म्हणाले, इंजिनं चांगली बसवलीस, ती अवघड होती, मला ठाऊक आहे.

प्रदर्शनाचा मुख्य परीक्षक जेफ्री लंब. आमच्या भागात त्याला सगळे भितात. हातात बारीक टॉर्च घेऊन फिरतो आणि पंख एक केसभर वाकडा असला तरी लिहून ठेवतो. तो नोरीनच्या मॉडेलपाशी आला, टॉर्च मारला, सांधे बघितले, टोपणातून आत बघितलं. ठिगळापाशी टॉर्च थांबला. मग त्यानं टॉर्च बंद केला आणि विल्फसमोर येऊन उभा राहिला.

“सर, मी पण घासलं होतं. नऊ वर्षांचा होतो.”

“कसं घासलंस?” विल्फनी विचारलं.

लंबला प्रश्न कळेना. मग म्हणाला, “चांगलं घासलं होतं. काही उरलं नव्हतं. बोट फिरवलं तरी कळायचं नाही.”

“मग ठीक आहे. काम करायचं तर असं.”

माणसं हसली. लंबही हसला, आणि त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. नोरीनला त्या वर्गात पहिलं बक्षीस मिळालं, आणि ते ठिगळामुळं नव्हे, हे मी मुद्दाम सांगतो. लंबनं गुणपत्रिकेवर लिहिलं होतं की टोपणाइतकी स्वच्छ पारदर्शक घडण त्यानं जुन्या किटवर पाहिलेली नाही. ती गुणपत्रिका नोरीननं आपल्या कामाच्या खोलीत कवळ्यांच्या कपाटाच्या दारावर लावली आहे.

अर्ध्या तासासाठी आलेले विल्फ पाच वाजेपर्यंत बसले. निघायच्या वेळी नोरीननं त्यांना भिंग दिलं. त्यांनी ते डोळ्याला लावलं, ठिगळावर वाकले, ओठ हलवत मोजलं.

“पोरी,” ते म्हणाले, “माझ्या साच्यातून पहिलं निघालं ना, तेही इतकं स्वच्छ नव्हतं.”

नोरीन कधी रडत नाही. तिनं भिंग परत घेतलं आणि ते उगाचच बराच वेळ पुसलं.

त्या एकवीस जणांतल्या काहींनी तिला विचारलं की आमचं ठिगळ परत बसवता येईल का. तिनं आपल्या मॉडेलवरून दंतवैद्यांच्या रबरात ठसा घेतला आणि ॲक्रिलिकची कागदासारखी पातळ ठिगळं ओतायला लागली. दर गुरुवारी विल्फ तिच्याकडं जाऊन तपासायचे. पहिल्या दहांपैकी सात त्यांनी टाकून दिली, रिव्हेटं बसकी आली म्हणून. नोरीन मला म्हणाली, तीस वर्षांत एवढं माझं काम कुणी परत केलं नव्हतं. पण हे सांगताना तिचा चेहरा फुललेला होता.

डिसेंबरात एका सकाळी माझ्या पिशवीत चर्च लेन नऊसाठी एक पत्र होतं, वेल्सचा शिक्का. विल्फनी ते दारातच उघडलं आणि चष्मा आत राहिलाय म्हणून मला वाचायला सांगितलं. लिहिणारी होती मेन्ना प्रॉसर, आयव्हरची मुलगी. आयव्हर युद्धानंतर खाणीत परतला होता आणि पंधरा वर्षांपूर्वी वारला. तिच्या नवऱ्याच्या क्लबात आमचं पत्रक कुणीतरी आणलं होतं. तिनं लिहिलं होतं, ‘बाबा आम्हाला नेहमी सांगायचे की एका रात्री त्यांनी विमानाच्या पोटात पाण्यात पडून लोखंड धरलं आणि सात माणसं वाचली. आम्ही समजायचो, म्हातारा वाढवून सांगतो. आई तर म्हणायची, दर वर्षी एक माणूस वाढतो. पण ते कायम सातच म्हणायचे.’

विल्फ दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी पत्र माझ्याकडून घेतलं, घडी घातली, पुन्हा उघडली.

“सातच होते,” ते म्हणाले. “आयव्हर कधी वाढवून सांगणाऱ्यातला नव्हता. तिला कळवायला हवं.”

“पत्र लिहाल?” मी विचारलं.

“पत्रानं काय होतंय? नोरीनला विचार, ते विमान किती दिवस देईल.”

नोरीन म्हणाली, दिवस कसले, ते त्या घरातच राहू दे, मी दुसरं करीन. एका माणसानं प्रदर्शनात तिला त्याच किटचा सीलबंद डबा देऊ केला होता, तो तिनं आता घेतला.

मार्चमध्ये आम्ही तिघं निघालो. मी गाडी चालवत होतो, नोरीन मागं, आणि विल्फ पुढं, मांडीवर खोका. यॉर्कशरपासून वेल्सच्या त्या टोकापर्यंत सहा तास त्यांनी तो खाली ठेवला नाही. जेवायला थांबलो तेव्हाही सँडविच एका हातानं खाल्लं.

मेन्नाबाईंचं घर छोटं, स्वयंपाकघरात टेबल मांडलेलं, वेल्श केक गरम. दोन मुलं, चार नातवंडं, शेजारचे, सगळे जमलेले. नोरीननं खोका उघडला आणि विमान टेबलाच्या मधोमध ठेवलं, नाक खिडकीकडं. सगळे आधी पंखांकडं आणि इंजिनांकडं बघू लागले. विल्फनी हात पुढं केला, आपल्या त्या गाठाळलेल्या बोटांनी शेपटीला धरून विमान हळूच वळवलं, डावी कूस माणसांकडं आणली.

“हे बघा,” ते मेन्नाबाईंच्या मोठ्या मुलाला म्हणाले, “इथं बाहेर मी होतो. आणि इथं, याच्या मागं, तुमचे आजोबा.”